घेणाऱ्याची मान



मागच्या पावसाळ्यात आपल्या जंगलपट्ट्यातील एका लहानशा गावी जाणे झाले. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि पाऊस उघडेपर्यंत एका आजींच्या ओसरीवर बसून राहिलो. वय सत्तरीच्या पुढे, दम्याचा जुना त्रास. मुलगा आणि सून रोवणीपुरते घरी असतात. माघ-फाल्गुनात दोघेही मिरची तोडायला तेलंगणात जातात. बोलता बोलता आजींनी पेटीतून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. श्रावणबाळ योजनेचा अर्ज होता. गावातल्या अंगणवाडीताईने दोन वर्षांपूर्वी तो भरून दिला होता. सगळे रकाने भरलेले. फक्त अंगठा उठवायचा राहिला होता.

"राहून गेला का?" असे विचारले, तर आजी म्हणाल्या, "राहून नाई गेला बाबू, मीच नाई मारला. लोकं काय म्हणतीन? पोरगा असून माय सरकारचं खाते म्हणतीन." थोड्या वेळाने असेही कळले, की दम्याच्या गोळ्या महिनाभर पुरत नाहीत म्हणून त्या एक दिवसाआड घेतात.

घरात दारिद्र्य आहे, सरकारी योजना आहे, भरलेला अर्जसुद्धा आहे. तरी एक अंगठा उठत नाही, कारण मध्ये लाज उभी आहे. या लाजेची किंमत आजी रोज आपल्या श्वासाने मोजत आहेत. आजचा आपला अभ्यास या लाजेविषयी आहे. ती कुठून येते, ती खरी आहे का, आणि तिच्यात आपला वाटा किती, हे आपण पाहू.

१. शब्दांत दडलेला कमीपणा

आपण रोज वापरतो ते शब्द प्रथम तपासून पाहू. महाराष्ट्र शासनाने १९८० साली एक योजना सुरू केली. तिचे नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, अपंग, दुर्धर आजारी, परित्यक्ता अशांना दरमहा काही रक्कम मिळावी हा हेतू चांगलाच आहे. पण ही रक्कम घेणाऱ्या बाईला आधी स्वतःला 'निराधार' म्हणवून घ्यावे लागते. भावकी आहे, माहेर आहे, शेजार आहे, चर्च आहे. तरी कागदावर ती निराधार. मग गावही तिला तसेच ओळखू लागते. "ती निराधारवाली" असे म्हटले, की ओळख पूर्ण होते.

'श्रावणबाळ' या नावाचेही तसेच. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून नेणारा श्रावण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो. पासष्टी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांसाठी शासनाने हे प्रेमळ नाव निवडले. पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते उलटे लागते: शासनाला श्रावण व्हावे लागले, म्हणजे घरचा श्रावण निकामी ठरला! आजींची लाज तिथेच आहे. अंगठा उठवला तर आपल्या मुलाच्या नावाला बट्टा लागेल असे त्यांना वाटते. स्वतःच्या कमीपणापेक्षा त्यांना मुलाची अब्रू मोठी आहे.

'लाभार्थी' हा शब्द घ्या. त्याचा सरळ अर्थ लाभाची इच्छा धरणारा. 'अनुदान' या शब्दात तर 'दान' बसलेलेच आहे. त्याच्या जोडीला आपण आपले शब्द घालतो: फुकटे, बीपीएलवाले, सवलतवाले. वर्गात शिष्यवृत्तीची नावे मोठ्याने वाचली जातात, तेव्हा उभ्या राहणाऱ्या मुलामुलीची मान कुठे असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको.

२. ही लाज जुनी आहे, आणि ती मुद्दाम घडवलेली आहे

लाज ही मनात आपोआप उगवते असे आपल्याला वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. इंग्लंडमध्ये गरिबांना मदत देण्याचे काम कायद्याने धर्मग्रामांकडे सोपवलेले होते. १६९७ साली तिथे असा कायदा झाला, की धर्मग्रामाची मदत घेणाऱ्या प्रत्येकाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे 'पी' हे अक्षर शिवून घ्यावे. 'पी' म्हणजे पॉपर, कंगाल. मदत मिळेल, पण अंगावर शिक्का घेऊन. लाजेपोटी कमी लोक मागायला येतील, असा त्यामागचा हिशेब होता. हा नियम १८१० पर्यंत कायद्यात राहिला. आणि तो राबवला जायचा धर्मग्रामांमधून, ही गोष्ट आपण धर्मग्रामातील माणसांनी विसरू नये.

हे फार दूरचे आणि फार जुने वाटते का? २०१७ साली राजस्थानातील दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्या कुटुंबांच्या घरांच्या भिंतींवर, आम्ही गरीब आहोत आणि सरकारी रेशन घेतो, अशा अर्थाचा मजकूर रंगवण्यात आला. खांद्यावरचे कापड जाऊन भिंतीवरचा रंग आला, एवढाच फरक.

आपल्या प्रांताचाही इतिहास पाहा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सरकारने मदतीची कामे काढली. त्यांची पाहणी करायला सर रिचर्ड टेंपल आले. हेच टेंपल १८६० च्या दशकात आपला चांदा जिल्हा ज्यात होता, त्या मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. मदत सढळ झाली तर लोक आळशी होतील या भीतीने मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली गेली. खरोखर गरजू कोण हे कळावे म्हणून मजुरांना घरापासून लांबच्या कामांवर पाठवण्याची कसोटीही लावली गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनीही कामे सोडून निषेध केला. उपाशी माणसाला चालायला लावून त्याची भूक तपासायची, ही ती कसोटी.

याच महाराष्ट्राने पुढे दुसरी वाटही दाखवली. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द तेव्हाचेच. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ज्या घरच्या बायका कधी मजुरीला बाहेर पडल्या नव्हत्या, त्याही पदर पुढे ओढून खडी फोडायला बसल्या. या अनुभवातून रोजगार हमी योजना रुजली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा ध्यास घेतला होता. पुढे तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी १९७५ पासून नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराला काम मिळू लागले. यात क्रांतिकारक गोष्ट अशी, की काम मागणारा मजूर याचक राहिला नाही. तो कायद्याने हक्क सांगणारा झाला. त्याच धर्तीवर २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा आला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो पहिल्या टप्प्यात देशातील २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. कायदे बदलतात, पण काम मागण्यात लाज नाही, ही शिकवण महाराष्ट्राने देशाला दिली, हे पुसले जाणार नाही.

३. धानाचा बोनस आणि रेशनचा तांदूळ

आता आपल्या घरात डोकावू. पूर्व विदर्भातील धान उत्पादकांना शासन हमीभावाच्या वर बोनस देते. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपये जाहीर झाले, २०२३ मध्ये ते २०,००० झाले. मर्यादा दोन हेक्टरांची. शिवाय २०१९ पासून केंद्राच्या किसान सन्मान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये आहेतच. हे पैसे खात्यावर जमा झाले, की आपण पारावर उघडपणे बोलतो, "बोनस आला का?" कुणाची मान खाली जात नाही. जाऊही नये; भर पावसात बांधीत वाकून धान पिकवणाऱ्याचा तो हक्कच आहे.

पण तीच माणसे रेशनच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या भूमिहीन मजुराकडे पाहून म्हणतात, "यांचं बरं आहे, फुकटात मिळतं." दोन्ही पैसा एकाच तिजोरीतला. एकाला आपण 'बोनस' आणि 'सन्मान' म्हणतो, दुसऱ्याला 'फुकट'. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला सन्मान, ज्याच्याकडे नाही त्याला टोमणा. त्याच धानाची रोवणी आणि कापणी त्या भूमिहीन बाईने केलेली असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आणि फुकट कोण घेत नाही? सरकारी दवाखान्यातली लस, जिल्हा परिषदेची शाळा, शेतीपंपाच्या विजेची सवलत, पगारदाराला आयकरात मिळणारी सूट, निवृत्तांचा महागाई भत्ता हे सगळे सार्वजनिक पैशातूनच येते. फरक इतकाच, की काहींचा वाटा पगारपत्रकातून गुपचूप मिळतो आणि काहींना रांगेत उभे राहून, मशीनवर अंगठा ठेवून घ्यावा लागतो. "आमच्या करातून यांना मिळते" असेही ऐकू येते. साबणाची वडी आणि तेलाची पिशवी घेताना आजीही कर भरतात.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क देतो: प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले. चार घरांतली तीन घरे ज्यात येऊ शकतात, ती गोष्ट लाजिरवाणी कशी असेल?

आपल्या जंगलपट्ट्याची तर आणखी एक बाजू आहे. इथल्या लोकांना जंगलातून सरपण, बांबू, मोहफुले, चारा घेण्याचा निस्तार हक्क पूर्वापार होता. हळूहळू जंगल सरकारचे झाले आणि तोच हक्क 'सवलत' झाला, कुठे कुठे तर 'चोरी' झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच मान्य केले, की वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू विक्रीसाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर त्याच बांबूवर गावाने आपली कामे उभी केली. हे गाव काल गरीब होते आणि आज कष्टाळू झाले, असे नाही; कष्ट आधीही होते. जे त्यांचे होते ते त्यांच्या हाती आले, एवढेच घडले. चंद्रपूरच्या कोळशावर राज्यात दिवे लागतात. ज्या मातीतून इतके बाहेर जाते, तिथल्या म्हातारीला महिन्याला काही रुपये परत येत असतील, तर त्याला उपकार म्हणण्यापूर्वी आपण थांबून विचार करावा.

४. "फुकट मिळाले की माणूस आळशी होतो"

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. शहाणी, प्रामाणिक माणसेही तो घेतात. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयी सुनावणी चालू असताना, मूळ विदर्भातले असलेले न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, मोफत धान्य आणि पैसे देऊन आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, अशी शंका बोलून दाखवली. अशा योजनांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, असेही ते म्हणाले. आपल्याकडे हंगामात प्रत्येक शेतकरी हेच बोलतो. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर आकड्यांचे. २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा विकसनशील देशांतील सात योजनांचा अभ्यास मांडला. गरिबांना थेट पैसे दिल्यावर ते काम कमी करतात का, हे तपासले. तसा पुरावा मिळाला नाही. "पैसे दारूत जातात" हेही आपण नेहमी ऐकतो. जागतिक बँकेशी संबंधित डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. अशा पैशामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे सर्वसाधारणपणे दिसले नाही. एखादा पिणारा सापडेलच. पण तो योजनेआधीही पीत होता.

दुसरे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्यांना आळशी म्हणतो ते मार्चमध्ये पहाटे अंधारात मोहफुले वेचायला निघतात, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडतात आणि रात्री पुडके बांधतात, पावसात रोवणी करतात आणि हिवाळा सरता सरता लेकराबाळांसह तेलंगणात मिरची तोडायला जातात. गावात मजूर नाही, कारण तो जिथे जास्त दाम मिळतो तिथे कामाला गेलेला असतो. रेशनमुळे घडले असेल तर एवढेच, की उपाशीपोटी कोणत्याही दराने राबायची सक्ती थोडी सैल झाली.

तिसरे, रकमेचा हिशेब करून पाहा. श्रावणबाळ आणि निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाली. म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्या वेळी पात्रतेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये होती, म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. दिवसाच्या ५० रुपयांत कोण ऐषआराम करू शकेल?

तरीही या आक्षेपात एक सत्य आहे, ते मान्य करू. माणसाला नुसते घेत राहणे आवडत नाही. त्याला देणारा हात व्हायचे असते. आपल्याच जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांच्या हाती बाबांनी कुदळ-फावडे दिले, त्यांना विहीर खणणारे, शेती पिकवणारे केले. भिकेला त्यांचा ठाम विरोध होता. पण हेही लक्षात घ्या, की आधी औषध दिले, जमीन मिळवली, छप्पर घातले. मग काम उभे राहिले. आधार आणि स्वाभिमान हे एकमेकांचे वैरी नाहीत. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९१ च्या परिपत्रकात, शासनाने सगळेच आपल्या कचेऱ्यांच्या हाती घेऊ नये, गरजूला जवळच्या माणसाचा हात लागतो, असा इशारा दिला होता. त्यांचा रोख माणसाला नुसता कागद करून टाकणाऱ्या व्यवस्थेवर होता. गरिबाला टोमणे मारण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

५. शास्त्रपाठ: शेताचा कोपरा

धान कापून झाल्यावर बांधीत राहिलेली लोंबे वेचणे, म्हणजे सरवा वेचणे, आपल्याकडे नवे नाही. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत इस्राएली शेतकऱ्याला आज्ञा आहे, की त्याने शेताच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापू नये आणि पडलेला सरवा वेचू नये; तो गरीब, परके, अनाथ आणि विधवा यांचा आहे. त्या कोपऱ्यासाठी गरिबाला हात पसरावा लागत नव्हता. मालकाची मर्जी विचारात घेतलेलीच नाही, कारण तो भाग त्याचा नव्हताच.

रूथ ही अशीच परकी विधवा. ती सासूसाठी सरवा वेचायला गेली (रूथ, अध्याय २). शेतमालक बवाज याने आपल्या माणसांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम तिच्यासाठी गळू द्या. दोन, तिला लाजवू नका, रागावू नका. धान्याइतकीच दुसरी आज्ञा महत्त्वाची आहे. बवाजाला कळत होते, की अपमानासह दिलेले धान्य पोट भरते आणि मन जाळते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये तक्रार आली, की रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्या विधवांची चौकशी लावली नाही. त्यांनी सात विश्वासू माणसे नेमली आणि वाटप सुधारले. आपण नेमके उलटे करतो: वाटपात खोट निघाली, की घेणाऱ्यावर संशय घेतो.

"जो काम करत नाही त्याने खाऊ नये, असे पौल म्हणतो ना?" असे कुणी विचारील. थेस्सलनीकरांस दुसरे पत्र, अध्याय ३ नीट वाचा. पौल तिथे काम करण्याची इच्छाच नसलेल्या, इतरांच्या कामात लुडबुड करत फिरणाऱ्या धडधाकट माणसांविषयी बोलतो. दमेकरी म्हातारी, पाय गमावलेला मजूर, लेकरांची विधवा आई यांच्याविषयी तो बोलत नाही. याच पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात एक मोलाची गोष्ट सांगितली. न्यायाने जे देणे लागते, ते दयेची भेट म्हणून पुढे करू नये, असा तिचा आशय आहे. आधी न्याय, मग दान. आजींचे दीड हजार रुपये कोणत्या रकान्यात येतात, हे आता आपणच ठरवावे.

आणि बंधुभगिनींनो, ही लाज आपल्याला परकी असू नये. "पोटासाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणा महाराष्ट्रातील कितीतरी ख्रिस्ती घरांनी दुष्काळांच्या काळापासून ऐकला आहे. मिळालेल्या भाकरीवरून माणसाची श्रद्धा आणि किंमत मोजली, की किती लागते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. मग तेच माप आपण दुसऱ्याला लावावे का?

६. गैरवापराचे काय?

तो होतो. नाकारण्यात अर्थ नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये शासनाच्याच पडताळणीत सुमारे २६ लाख खाती अपात्र असल्याचा संशय आला. त्यांत काही हजार पुरुषांचीही नावे निघाली. हे पाप आहे, आणि त्याला पापच म्हटले पाहिजे. पगार असून खोटा दाखला काढणारा माणूस शासनाला फसवतोच, पण त्याहून जास्त तो खऱ्या गरजूला फसवतो. त्याच्यामुळे प्रत्येक घेणाऱ्यावर संशय येतो.

पण या लबाडीची शिक्षा कोण भोगतो ते पाहा. लबाड माणसाला लाज नसते, म्हणून तो बिनधास्त अर्ज करतो. लाज असते ती प्रामाणिकाला, आणि तोच मागे राहतो. टोमण्यांनी लबाड थांबत नाहीत. टोमण्यांनी आजींसारखी माणसे थांबतात.

ग्रामसभेत यादी वाचली जाते, तीही याच कारणासाठी: खोटी नावे गळावीत म्हणून. यादी वाचणे योग्यच आहे. मजुरांच्या हजेरीपटावर नाव असण्यात जशी लाज नाही, तशी या यादीतही नसावी. ती तशी वाटावी की नाही, हे वाचणाऱ्याच्या स्वरावर आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. ते ऐकणारे आपणच असतो.

७. आपण काय करू शकतो?

एक: भाषा बदलू. 'फुकटे', 'निराधारवाली' हे शब्द आपल्या घरात आणि मुलांसमोर उच्चारू नयेत. "पेन्शन मिळते", "हक्काचे धान्य आणले" असे म्हणावे.

दोन: सोबत जाऊ. आधार कार्ड, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक ही कागदपत्रे जमवून तहसील कार्यालयात जाणे म्हाताऱ्या माणसाला एकट्याने झेपत नाही. दरवर्षीचा हयातीचा दाखला राहिला, तर चालू असलेली रक्कमही अडकते. गावातील एका शिकलेल्या तरुणाने किंवा तरुणीने वर्षातून दोन दिवस यासाठी द्यावेत.

तीन: आपले वाटप तपासू. नाताळात आपण ब्लँकेट, साड्या, धान्य वाटतो. फलकासमोर रांग लावून, एकेकाला पुढे बोलावून फोटो काढण्याची पद्धत बंद करावी. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकवले. आपण ते अख्ख्या तालुक्याला कळवतो. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजूच्या घरी जाऊन शांतपणे भेटतात, तीच रीत बरी.

चार: मुलांनी आईवडिलांना स्वतः सांगावे, "आई, अर्ज कर. त्याने माझी अब्रू जात नाही." हे वाक्य मुलाच्या तोंडून आले, की जे होते ते शंभर व्याख्यानांनी होत नाही.

त्या आजींच्या बाबतीत हेच घडले. पाऊस उघडल्यावर मुलगा बांधीवरून आला. कागद पेटीत पडून असल्याचे त्याला माहीतच नव्हते. आईच्या गोळ्यांचा हिशेब कळल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग शाईची डबी आणायला शेजारी गेला. अंगठा उठवताना आजींनी एकदा त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मार माय, तुझ्याच हक्काचं हाय."

चर्चेसाठी प्रश्न

(कुटुंबात किंवा वस्तीच्या प्रार्थनागटात यांवर बोलावे.)

१. गेल्या वर्षभरात आपल्या घराने सार्वजनिक पैशातून काय काय घेतले? शाळा, दवाखाना, बोनस, सवलत, धान्य, पेन्शन यांची यादी करा. त्यांतील कशाची लाज वाटली आणि कशाची नाही? का?

२. रूथ, अध्याय २ वाचा. बवाजाने दिलेल्या दोन आज्ञांपैकी कोणती पाळणे आपल्याला अवघड जाते?

३. आपल्या वस्तीत असा कोणी आहे का, ज्याला हक्क असून लाजेपोटी अर्ज करता आलेला नाही? त्याचे नाव इथे मोठ्याने घेऊ नका. या आठवड्यात त्याच्या घरी जा.